गुरुजींकडे राहिलेली माझी दोन वर्षं

आपली चूक कबूल करणारी माणसं मी आयुष्यात बरीच पाहिली, पण आपली चूक छत्रीसारखी बगलेत मारून दोन तालुके हिंडणारा माणूस पाहिला तो एकच. ते आमचे गुरुजी. लासुर्ण्याच्या अलीकडं कालव्याला लागून आमची वस्ती होती आणि तिथून मैलभरावर चार वर्गांची शाळा. त्या शाळेत गुरुजींनी उभा जन्म काढला आणि सगळ्या पंचक्रोशीला बाराखडी शिकवली. त्यामुळं रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी अजून शाळेतच होता. मिशा पिकलेल्या गड्याला ते भर बाजारात "आधी नाक पूस, मग बोल" म्हणायचे, आणि तो गडी खरोखरच धोतराच्या सोग्यानं नाक पुसायचा.

नोकरी संपली तरी त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात तांबडी पेन्सिल आणि खालच्या खिशात खडूचा तुकडा कायम असे. ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली की त्यांना जेवताना खडा लागल्यासारखं होई. घरी लग्नपत्रिका आली की ते ती तपासत, खाली "ठीक, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे" असा शेरा लिहून परत पाठवत, आणि मग लग्नाला जात. एकदा बारामतीच्या बाजारात एका दारावर "पिठाची गीरणी" अशी नवी कोरी पाटी त्यांना दिसली. त्यांनी शेजारच्या दुकानातून शिडी मागून घेतली, वर चढले, दुसऱ्या वेलांटीवर खडूनं काट मारली आणि डावीकडं पहिली वेलांटी काढली. गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला तसाच बाहेर आला आणि काय चाललंय म्हणून विचारू लागला. गुरुजी शिडीवरूनच म्हणाले, "दळण एवढं बारीक काढतोस, मग वेलांटी का लांब?" पाऊस येईपर्यंत ती पाटी शुद्ध राहिली. पाऊस उघडल्यावर गुरुजी पुन्हा शिडी मागायला गेले.

खाण्याच्या बाबतीतही त्यांचं असंच काहीतरी होतं. कुणाच्या घरी ते ताकाच्या वाटीपलीकडं काही घेत नसत. मात्र आमच्या मळ्यात वांगी लागली की येत आणि आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, म्हणत, "एकच वांगं द्या. फुकटचं एकापेक्षा जास्त घेऊ नये." मग ते एक वांगं निवडायला सबंध वाफे पालथे घालत, अर्धा तास लावत, आणि शेवटी हातात घेत ते वांगं पाहून आमच्या आईला वाटे, की ह्यापेक्षा पाटीभर नेली असती तर बरं झालं असतं.

पण अक्षरांत इतका कडक असलेला हा माणूस आकड्यांत मात्र कमालीचा उदार होता. शाळेत नाव घालायला मुलं येत, तेव्हा बहुतेकांच्या आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसे. "जोंधळा हुरड्यात हुता बघा," असं कुणी म्हणे. गुरुजींनी त्यासाठी स्वतःचं एक पंचांग बसवलं होतं. हुरडा म्हटलं की एक जानेवारी, भुईमूग काढत होते म्हटलं की एक ऑक्टोबर, आणि बापाला काहीच आठवत नसलं की सरसकट एक मार्च. आमच्या वर्गातली अकरा मुलं एक मार्चला जन्मली होती. वर्ष ठरवायची त्यांची रीत आणखी सोपी होती. मुलाचा उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा. बोटं डाव्या कानाला लागली तर सहा वर्षं पुरी, न लागली तर कमी. आबा मला घेऊन गेले तेव्हा म्हणाले होते, "सातवं सरत आलं आसंल." गुरुजींनी माझा हात डोक्यावरून ओढून पाहिला. बोटं कानाच्या दोन बोटं अलीकडं थांबली. "सातवं कुठलं, पाच," असं म्हणून त्यांनी टाक दौतीत बुडवला. माझे हात मुळातच आखूड आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ते माझ्याही लक्षात यायला पुढं अकरा वर्षं लागली.

मी लासुर्ण्याच्या शाळेतून सातवीची परीक्षा पास झाले, त्यानंतर चार वर्षं घरी मिरच्या तोडण्यात गेली. मग पुण्याच्या एका इस्पितळात नर्सचं शिक्षण देतात, राहायची सोय करतात, असं मला कळलं. मी अर्ज केला. आबांना ते फारसं पसंत नव्हतं. माझ्यासाठी एक स्थळ आलेलं होतं, मुलाचा बाप दर बाजारी भेटून विचारत होता. तरी आबा माझ्या हट्टापुढं एवढं म्हणाले, "ह्या साली झालं तर जा. न्हाय झालं तर मी त्यास्नी व्हय म्हणून सांगनार." इस्पितळाचं उत्तर आलं, की उमेदवार अठरा वर्षं पूर्ण असली पाहिजे, आपल्या शाळेच्या दाखल्यावरून ती सोळाचीच ठरते. वय जास्त असल्यास जन्मनोंदीची सरकारी नक्कल महिन्याच्या आत पाठवावी.

मी ते पत्र घेऊन थेट गुरुजींच्या घरी गेले. ते ओसरीवर बसून कुणाची तरी लग्नपत्रिका तपासत होते. मी विचारलं, "गुरुजी, माझी तारीख तुम्ही कुठून आणलीत?"

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं आणि म्हणाले, "हात वर कर बघू."

मी केला. अठराव्या वर्षीसुद्धा माझी बोटं जेमतेम कानाच्या पाळीला टेकली. गुरुजींनी लग्नपत्रिका बाजूला सारली. पेन्सिल खिशात ठेवून ते आत गेले. त्यांच्या मंडळींनी नंतर सांगितलं, की त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला ते आमच्या दारात हजर. डोक्याला पागोटं, बगलेत छत्री, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. आबांना म्हणाले, "तुमच्या पोरीची दोन वर्षं माझ्याकडं राहिली आहेत. ती आणायला निघालोय. पोरीला बरोबर धाडा."

आबा म्हणाले, "गुरुजी, आता कुठं शोधत बसनार तुमी. जाऊ द्या."

"एक वांगं जास्तीचं घेत नाही मी, मग पोरीची दोन वर्षं कशी ठेवून घेऊ?"

आबांना हा हिशेब कळला नाही, पण गुरुजींपुढं बोलायची त्यांची छाती नव्हती. तेही त्यांचेच विद्यार्थी होते.

आम्ही एसटीनं इंदापूरला गेलो. मामलेदार कचेरीत जन्ममृत्यूची जुनी बुकं लाल रुमालात बांधून ठेवलेली होती. नकलेचा अर्ज गुरुजींनी स्वतः लिहिला. तो इतका सुवाच्य होता, की कारकुनानं तो शेजारच्या दोघांना नुसता बघायला दिला. मग त्या भल्या माणसानं आमच्या गावची तीन वर्षांची बुकं काढून, एकेक पान उलटून दाखवलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जन्म सापडले, आमच्या चुलत्याच्या पोराचा सापडला, माझा नव्हता. "नोंद झालेली नाही," कारकून म्हणाला. "काय करणार, गुरुजी?"

परतीच्या गाडीत गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. वाटेत एका हॉटेलाच्या पाटीवर "चाहा" लिहिलेलं होतं. मी मुद्दाम त्यांना दाखवलं, तरी त्यांचा हात खिशाकडं गेला नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

घरी आल्यावर आई ताक घेऊन बाहेर आली. गुरुजींनी वाटी हातात घेतली आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "वहिनी, हिरा झाली तेव्हा इथं कोण सुईण होती?"

"हितं कुटं," आई म्हणाली. "पयलं बाळंतपण म्हायेरलाच आस्तंय की. हिरा माळेगावला झाली, माज्या बापाच्या वस्तीवर."

गुरुजींनी आबांकडं पाहिलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?" गुरुजी म्हणाले.

"मला कुनी इचारलं?" आई म्हणाली आणि रिकामी वाटी घेऊन आत गेली.

माळेगाव बारामती तालुक्यात. म्हणजे कचेरीही बारामतीची. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथं. हा कारकून नवा होता, शहरातून आलेला, चांगला सभ्य होता. त्यानं बुक काढलं, उघडलं आणि कसनुसं हसला. सगळ्या नोंदी मोडीत होत्या. त्याला मोडी येत नव्हती. गुरुजींनी खुर्ची पुढं ओढली आणि वाचायला सुरुवात केली. मोडी अक्षरं बघून त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की माझं काम ते विसरलेच. ते मोठ्यानं वाचू लागले, लिहिणाऱ्याच्या वळणाची वाहवा करू लागले, आणि एका ठिकाणी थांबून त्यांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली. कारकून घाबरून उठला. "गुरुजी, सरकारी दप्तरात दुरुस्ती करता येत नाही."

"चूक असली तरी?"

"चूक असली तरी."

गुरुजींना हे पटलं नाही, पण त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि पुढं वाचू लागले. थोड्या वेळानं त्यांचं बोट थांबलं. माझ्या आजोबांचं नाव, त्यांची वस्ती, "मुलगी". मी आनंदानं टेबलाशी पुढं सरले. तेवढ्यात त्यांनी पान उलटलं आणि बोट पुन्हा थांबलं. चार महिन्यांनंतरची तारीख, तेच आजोबांचं नाव, तीच वस्ती, "मुलगी".

त्या काळी नोंदीत बाळाचं नाव नसे. आणि लिहिणाऱ्यानं दोन्ही ठिकाणी बापाचं नाव न घालता घरच्या कर्त्या माणसाचं, म्हणजे आजोबांचं घातलं होतं. त्या वर्षी त्या घरात दोन मुली जन्मल्या होत्या, एक मी आणि एक माझी मामेबहीण. पहिली तारीख माझी असेल तर इस्पितळाच्या मुदतीला मला अठरा वर्षं पुरी होऊन वर एकोणीस दिवस होत होते. दुसरी असेल तर मी साडेतीन महिन्यांनी कमी पडत होते. आमच्या घरी दोघींचं वय एकच समजत, आणि आईला विचारावं तर ती एवढंच सांगे, की दोघी बरोबरीच्या. चार महिन्यांचा फरक म्हणजे आईच्या हिशेबी बरोबरीच.

कचेरीबाहेर लिंबाखाली अर्ज लिहून देणारा एक माणूस बसायचा. त्यानं आमचं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, "मास्तर, पहिली तारीख पोरीची म्हणून लिहून देतो. दोन साक्षीदार मीच देतो. बघतंय कोण?"

माझं मन कधीच हो म्हणून मोकळं झालं होतं. मी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी छत्री दुसऱ्या बगलेत घेतली. "एकदा मी अंदाजानं लिहिलं," ते म्हणाले. "त्याला अकरा वर्षं होऊन गेली, आणि अजून ही पोरगी भोगतेय. आता ठाऊक झाल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही."

"आणि ती दुसरी तारीख निघाली तर?" मी विचारलं.

ते चालू लागले. खूप पुढं गेल्यावर म्हणाले, "तर मी तुझ्या आबांच्या पाया पडेन. आणखी एक वर्ष मागून घेईन." मला त्यांचा इतका राग आला होता, की माळेगावच्या वाटेवर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ते कालव्याच्या एका कडेनं आणि मी दुसऱ्या कडेनं, अशी आमची वरात चालली होती. पूल आला तेव्हाच आम्ही एका बाजूला आलो.

आजी, आजोबा आणि मामी केव्हाच गेलेले होते. मामा म्हणाला, "मला काय ठावं बायकांचं. पर तुमा दोघींस्नी सोडवनारी म्हातारी अजून हाय." ती म्हातारी सुईण दोन शेतं पलीकडं राहायची. दारात चिंचा फोडत बसली होती. कानानं कमी आणि डोळ्यांनी त्याहून कमी. गुरुजींनी ओरडून सांगितलं, की जन्माचं विचारायला आलोय. तिनं त्यांच्याकडं वर पाहिलं आणि म्हणाली, "कुनाचे दिस भरलं? तुमच्या मंडळीचं का, मास्तर? ह्या वयात?"

गुरुजी दोन पावलं मागं सरले. मग मी तिच्या जवळ बसले, माझ्या आईचं नाव सांगितलं. तिनं चिंचेचे हात लुगड्याला पुसले आणि माझं तोंड चाचपलं.

"तू व्हय गं. तुजी आई लई भ्याली हुती. पयलटकरीण."

"मी आधी झाले का मामीची लेक, आजी?"

म्हातारी जराही थांबली नाही. "तू आदी. तुज्या मामीनंच पानी तापवून दिलं की मला. पाचवा म्हैना हुता तिला. मी म्हनलं, बाई, हंडा उचलू नगंस, आता म्होरल्या खेपंला तुजीच पाळी हाय. तर म्हनली, नणंद पयल्यांदा बाळंत हुतीया, मी बसून कशी ऱ्हाऊ."

गुरुजी मातीतच खाली बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "पुन्हा सांगा," ते म्हणाले. म्हातारीनं तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा तिनं वैतागून मला विचारलं, "ह्ये मास्तर बहिरं हाईत का गं?"

निघताना तिनं विचारलं, की दाखला कशाला पाहिजे. मी सांगितलं, शिकून बाळंतपणं करणार. ती म्हणाली, "मंग शिक. मला जे जमलं न्हाय, आडल्याली बाई सोडवायचं, ते तुला जमंल." आणि थोड्या वेळानं, "लई जणी गेल्या माज्या हातात." हे ती कुणाला म्हणाली कोण जाणे. पुण्याला जायचा माझा हट्ट तोपर्यंत मिरच्यांतून सुटायचा हट्ट होता. तिथून उठले तेव्हा तो तेवढाच राहिला नव्हता.

दोन दिवसांनी मामानं बैलगाडी जुंपली आणि म्हातारीला बारामतीच्या कचेरीत आणलं. ती सणाचं लुगडं नेसून आली होती. जबाब लिहून घेताना कारकुनानं तिचं वय विचारलं. "तूच बघ की तुज्या बुकात," ती म्हणाली. कारकुनानं अंदाजे सत्तर लिहिलं. गुरुजींनी 'अंदाजे' हा शब्द ऐकून डोळे मिटून घेतले. म्हातारीनं अंगठा दिला, मामानं सही केली, मामलेदार साहेबांनी जबाब वाचून मान्य केला आणि नक्कल द्यायला सांगितलं.

नक्कल हातात पडली तेव्हा कचेरी बंद व्हायला आली होती आणि टपाल सुटायला थोडाच वेळ होता. मुदत जवळ आली होती. गुरुजींनी कागद उजेडाकडं धरला. तारीख बरोबर, गाव बरोबर, आबांचं नाव जबाबाच्या आधारानं घातलेलं, शिक्का स्पष्ट. आणि मधोमध ठळक अक्षरात, "मुलगि". पहिली वेलांटी.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते. त्यांचा हात कोटाच्या वरच्या खिशाकडं गेला. पेन्सिलीचं टोक बाहेर आलं. कारकुनानं कुलूप हातात घेतलेलं होतं. गुरुजींनी कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पेन्सिल हळूच खाली ढकलून दिली. "चल," ते म्हणाले, "टपाल निघेल." टपालकचेरीपर्यंत ते एवढंच पुटपुटत होते, "दुसरी हवी होती. दुसरी."

महिन्याभरानं बारामतीच्या स्टेशनवर मला पोचवायला आबा, आई आणि गुरुजी आले. आबांनी त्या स्थळाला नकार कळवला होता, आणि त्याबद्दल ते माझ्याशी फारसं बोलत नव्हते, पण माझी ट्रंक मात्र त्यांनी हमालाला दिली नाही. गुरुजींनी मला एक कोरी वही दिली आणि म्हणाले, "पत्र लिही. मी तपासून परत पाठवीन." तीन वर्षं मी पुण्याहून लिहीत राहिले आणि तीन वर्षं माझी पत्रं तांबडी होऊन परत येत राहिली. शेवटच्या वर्षी एकाखाली "बरे" असा शेरा आला. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय.

त्या प्रकरणानंतर गुरुजींनी एक उद्योगच मांडला. शाळेचं जुनं रजिस्टर उतरवून घेतलं आणि आपल्या एकेका विद्यार्थ्याची खरी तारीख काढायला निघाले. घरोघर जाऊन बायकांना विचारत. पुरुषांना विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं. कुणाला त्याचा फायदा झाला, कुणाला ताप. तालमीतला एक पैलवान आपण स्वतःला समजतो त्याहून पाच वर्षांनी थोरले आहोत हे कळल्यावर चार दिवस आखाड्यात उतरला नाही. एका घरात बायको नवऱ्यापेक्षा वर्षानं मोठी निघाली. तिथल्या सासूनं गुरुजींना हात जोडून सांगितलं, की ताक पायजे तेवढं प्या, पर वही घिऊन येऊ नगा.

पुढं मला भिगवणजवळच्या दवाखान्यात नोकरी लागली. गुरुजी वर्षातून दोनदा एसटीनं येत. शेवटचे आले तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हाताला धरून मी त्यांना बाकावर बसवलं. मी जन्माच्या नोंदी भरत होते.

"किती झाली ह्या आठवड्यात?" त्यांनी विचारलं.

"चार."

"वाच."

मी वाचू लागले. बापाचं नाव, गाव, मुलगी, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. बापाचं नाव, गाव, मुलगा, दुपारी एक. ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. मी भरभर वाचतेय असं वाटून म्हणाले, "सावकाश. मला कुठं जायचंय?" चारही झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं. गाडीची वेळ टळली, तेव्हा दुसऱ्या गाडीनं गेले.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता ते गेल्याचा निरोप आला. मला निघता आलं नाही, एक बाई अडलेली होती. सबंध सकाळ त्यात गेली. दुपारी ती सुखरूप सुटली, मुलगा झाला. मी हात धुतले, नोंदीचा कागद पुढं ओढला, लिहिलं आणि लिहिलेलं सावकाश, मोठ्यानं वाचलं. खाटेवरून बाळंतिणीनं मान वळवून विचारलं, "काय म्हनला, बाई?"

"काही नाही," मी म्हणाले. "तुझ्या लेकाचं लिहिलंय. ऐक, पुन्हा वाचते."